वंदनाचा ठिपका

वंदना बोलताना हवेत अक्षरं काढायची. समोरचा माणूस बोलत असला, की हिचं उजव्या हाताचं बोट चालू. त्याच्या तोंडून एखादा शब्द निघाला आणि हिला आवडला, की लगेच तो लिहून बघायची. बसमध्ये असली तर खिडकीच्या काचेवर, जेवायला बसली तर ताटातल्या पिठल्यावर. एकदा तिच्या आईला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनं दुखण्याचं एक लांबलचक नाव सांगितलं. आई घाबरून पदर तोंडाला लावून बसली, आणि ही बोट फिरवत म्हणते, "नाव लई देखणं हाय हो, डॉक्टरसाहेब. शेवटची वेलांटी तर काय झोकात येती!" डॉक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यातलं पेशंट कोण?"

मी दगडू पेंटर, नेकनूरचा. चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. पण बीडपासून केजपर्यंतच्या रस्त्यावर जी जुनी पाटी तुम्हाला धावत्या बसमधून वाचता आली, ती माझी समजा. वाचता आली नाही ती दुसऱ्या कुणाची तरी. वहीत लिहायची मला सवय नाही, भिंतीवर लिहायची आहे. तरी हे वहीत लिहितोय, कारण वंदनाबद्दल गावात लोक काहीबाही सांगतात आणि त्यातलं निम्मं चूक असतं.

दोन गोष्टी माझ्या धंद्यातल्या आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक, माझ्या रंगाच्या पेटीत फडकं नसतं. दुसरे पेंटर खांद्यावर रॉकेलचं फडकं टाकून हिंडतात, चुकलं की पुसतात. माझा ब्रश टेकला की टेकला. पंचक्रोशीत माझी हीच ओळख. दुसरी गोष्ट माझ्या उस्तादांची. पाटी पुरी झाली तरी ते एक ठिपका बाकी ठेवायचे. मग दुकानाच्या मालकाला शिडीवर चढवायचे, त्याच्या हातात ब्रश द्यायचे आणि तो शेवटचा ठिपका त्याला द्यायला लावायचे. "अक्षर हमारा, ठिपका मालिक का," असं म्हणायचे. मालकाच्या हातचा ठिपका पडल्याशिवाय पाटी चालू होत नाही. मीही आयुष्यभर तसंच केलं. ज्या नावात ठिपका नाही तिथं खाली एक फूल काढायचं आणि फुलाचा मधला ठिपका मालकाला ठेवायचा. चांगले चांगले तालेवार मी शिडीवर चढवलेत, धोतरासकट.

वंदनाची आणि माझी पहिली भेट भांडणाचीच. बसस्टँडसमोर 'परमेश्वर किराणा भांडार' अशी माझी जुनी पाटी आहे. तिच्याखाली एक पंचविशीची बाई उभी राहून, मान वर करून, बोट हवेत फिरवत होती. मी चहा पीत होतो. मला वाटलं, डोक्यानं जरा कमी असेल. तर ती सरळ माझ्याकडं आली.

"आबा, ही पाटी तुमची ना?"

"माझीच. का?"

"ह्यात चार र हायत. चारी येगळे हायत. असं कावून?"

चाळीस वर्षं ती पाटी तिथं आहे. हा सवाल आजवर कुणी केला नव्हता. मला राग आला. म्हणलं, "तुझ्या आईला चार लेकरं असती तर चारी एका तोंडाची झाली असती का?"

ती इतकी हसली की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. म्हणाली, "आमी चारच हाव, आबा. आन चारी चार तोंडाची."

पुढच्या आठवड्यात तिनं माझ्या शेडला लागून असलेला गाळा घेतला. दोघांच्या मधे नुसता एक पत्रा. आत कंप्युटर मांडला आणि दाराला एक छापील कागद चिकटवला, 'येथे वेबसाइट बनवून मिळेल'. पेंटरच्या शेजारी छापील कागद! मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पत्र्यावर टकटक केलं. तिची ती पद्धतच होती, चहा झाला की पत्र्यावर दोनदा बोट वाजवायची. कप देत म्हणाली, "रागावू नका. पाटी लावीन तर तुमच्याच हातची लावीन. पर आज न्हाई. त्या लायकीची झाले की मग."

वेबसाइट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा माझा स्वभाव नाही. पण ती न विचारता सांगणारी होती. "भिंत हाय, आबा. तुमची भिंत नेकनूरला दिसती. माझी भिंत ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या माणसाला तिथल्या फडात बी दिसती. तुमी भिंतीला रंग लावता, मी भिंतीला सांगते की हितं रंग हाय असं समज. एवढाच फरक."

"आणि पुसायचं झालं तर?"

"एक बटन दाबायचं. पुसता येतंय की, मग भ्यायचं कावून?"

हे तिचं रोजचं वाक्य. दिवसातून दहा वेळा म्हणायची. मला ते मिरचीसारखं झोंबायचं. ज्याला पुसता येतं त्याला अक्षराची किंमत काय कळणार, असं माझं मत होतं आणि मी ते तिला ऐकवायचो. ती खुर्चीवर मांडी घालून बसायची (सरळ पाय सोडून बसलेली मी तिला बघितलीच नाही) आणि शेंगदाणे खात म्हणायची, "बरोबर हाय तुमचं. पुढं बोला." आणि हात चालूच.

दुसरे वेबसाइटवाले आख्खा शब्द एका रंगात, एका उंचीत टाकून मोकळे होतात. वंदनाला ते चालायचं नाही. ती प्रत्येक अक्षराभोवती वेगळा डबा बांधायची. त्या डब्याला ती स्पॅन म्हणायची. मग एकेका डब्याला सांगायची, तू लाल हो, तू जरा वाक, तू शेजाऱ्यापेक्षा दोन बोटं मोठा हो. एकदा तिनं एका मंडपवाल्याचं नाव असं रंगीबेरंगी करून मला हौसेनं दाखवलं. मी चष्मा लावून बघितलं.

"ही अक्षरं हायत का जत्रेत हरवलेली लेकरं?" मी म्हणलं. "एकाचा हात दुसऱ्याच्या हातात न्हाई."

डबे करताना तिनं मधे जागा सोडली होती आणि शिरोरेघ जागोजागी तुटली होती. आम्ही भिंतीवर आधी खडूची दोरी मारतो, त्या एका रेघेला सगळी अक्षरं लटकतात. रेघ तुटली की शब्दाचे तुकडे होतात. वंदना पडद्याजवळ सरकली. बोटानं हवेत एक लांब आडवी रेघ ओढली, परत ओढली. मग म्हणाली, "आबा, मला पुण्याच्या क्लासात हे कुणीच सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी बघतो तर डबे एकमेकांना चिकटवलेले, रंग वेगवेगळे आणि वरची रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. तवापासून काहीही नवं केलं की पत्र्यावर टकटक. मी जायचो, नाक मुरडायचो आणि चहा पिऊन यायचो.

हा अक्षराचा नाद तिला कुठून लागला ते तिनं एका दुपारी सांगितलं. तिचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारे. लहानपणी ही त्यांच्याबरोबर ट्रॉलीत बसून कारखान्याला जायची. शाळा वर्षातून सहा महिने. पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर 'पुन्हा भेटू' असं लिहिलेलं असायचं, दरेक अक्षर निराळ्या रंगाचं. "दोन दिवसांचा रस्ता. बघायला दुसरं काय? मी आईला इचारलं, हे लाल काय हाय? आईला येत न्हवतं. ड्रायव्हरनं सांगितलं, पु. मग हिरवं न्हा, मग पिवळं भे, मग निळं टू. चार अक्षरं मी ट्रॉलीवर शिकले. शाळेत गेल्यावर बाईंनी पांढऱ्या खडूनं पु काढला तर मला वळखूच आला न्हाई. म्हणलं, बाई, पु लाल असतो."

मी विचारलं नाही की ती ट्रॉली कुणाची. भे पिवळा काढणारा पेंटर ह्या भागात एकच होता. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी चहा मी पाजला.

आता माझ्या हाताची गोष्ट. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालंय, असं मी लोकांना सांगायचो. खोटं नाही ते, पण पुरं खरंही नाही. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी थोडा, मग कपातला चहा सांडेल एवढा. कुणी काम घेऊन आलं तर मी म्हणायचो, वेळ नाही. दुसऱ्याकडं जा. लोकांना वाटायचं, म्हातारा माजला. वाटू दे. माजला म्हणलेलं मला चालतं, थकला म्हणलेलं चालत नाही. चहा मी लोकांसमोर बशीत ओतून, दोन्ही हातानं धरून प्यायला लागलो. आणि शेडचं दार लावून पत्र्याच्या तुकड्यावर सराव करायचो. एकदा पेटीत एक फडकं आणून ठेवलं. वरून जुन्या ब्रशांनी झाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

वंदनानं ते फडकं बघितलं. टर्पेंटाइन मागायला आली होती, मी म्हणलं पेटीतून घे, आणि बोलल्यावर जीभ चावली. तिनं बाटली उचलली, खालचं फडकं बघितलं, ब्रश परत त्याच्यावर होते तसे रचून ठेवले. बाटली घेऊन निघून गेली. मला वाटलं, समजलं नाही तिला. पोरीला सगळं समजलं होतं.

त्याच पावसाळ्यात गावातल्या सात बायांनी गट काढला. आमच्याकडं डोंगरात सीताफळ माप, वेचावं तेवढं. बायांचं म्हणणं, दसरा झाला की कोयत्यावर जाण्यापेक्षा गावात बसून सीताफळं विकू, त्याचा गर काढून विकू. गटाचं नाव 'रानची सीताफळं'. म्होरकी गयाबाई. तिचा आवाज असा की ती गल्लीत बोलली तर वेशीवरचा माणूस जबाब देतो. वंदनाची आईही त्या सातांत होती. वेबसाइट अर्थात वंदना करणार. घटस्थापनेला उघडायची, कारण तोवर फळ तयार होतं.

वंदनानं नाव मोजलं. रा, न, ची, सी, ता, फ, ळं. सात अक्षरं, सात बाया. तिचं बोट हवेत उडालंच. म्हणाली, "एका बाईला एक अक्षर. अक्षराला हात लावला की त्या बाईचा फोटो आन तिचं सांगणं दिसंल." झालं. अक्षरं वाटताना असा कालवा झाला की जमिनीच्या वाटणीत होत नाही. काना-वेलांटीची अक्षरं सगळ्यांना पाहिजे. "न मी घ्यायची न्हाई," एक म्हणाली, "त्याच्या अंगावर एक दागिना न्हाई." दुसरी म्हणाली, "मला सी द्या, पदर डोक्यावरून घेतल्यावानी दिसतंय." ळं वंदनाच्या आईला गेलं. फ कुणीच घेईना. शेवटी गयाबाई म्हणाली, "द्या हिकडं तो फ. फळातलाच हाय, परका न्हाई."

मग वंदनानं मशीनला सांगितलं, एकेक अक्षर सुटं कर. मशीननं असं सुटं केलं की बायांनी गलका केला. मशीनला काना वेगळा आणि अक्षर वेगळं. वेलांट्या, काने, सगळे सुटून मशीननं स्वतःच काढलेल्या तुटक्या रेघेच्या गोलांवर जाऊन बसले. सी-वाली ओरडली, "अगं बाई, माझा पदर उडाला!" आणि शेवटच्या ळं वरचा ठिपका तर एकटाच एका रिकाम्या गोलावर उभा. मी पत्र्यापलीकडून गेलो आणि म्हणलं, "अक्षर कापडासकट मोज, मास्तरीणबाई. नागडं मोजू नको." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वंदनानं काने-वेलांट्या परत घरी आणल्या. पण त्या एकट्या ठिपक्याकडं ती लई वेळ बघत बसली होती, ते माझ्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेडमधे आली. "आबा, ही सात अक्षरं मला कंप्युटरातली नको. तुमच्या हातची पायजेत. तुमी पत्र्यावर काढा, मी फोटो काढून कडेकडेनं रेघ फिरवून आत घेते."

"मला वेळ न्हाई."

"मी पाटी कुठं मागते? पाटी एका बैठकीत पुरी करावी लागती. मला सुटी अक्षरं पायजेत. एका दिवसाला एक. सकाळी काढा, न्हाई जमलं तर संध्याकाळी काढा. कुणी बघणार न्हाई."

'कुणी बघणार न्हाई' हे ती माझ्याकडं न बघता बोलली. तेव्हा मला कळलं, फडक्याचं हिला समजलंय. मी तिला हाकलून द्यायला पाहिजे होतं. पण बायांचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवत होता.

सात दिवस मी दार लावून बसलो. एका काठीचा टेकू केला, मनगट त्यावर ठेवलं, श्वास रोखून एकेक रेघ ओढली. थरथरली की फडक्यानं पुसली, परत ओढली. मान मोडून आली. सहा अक्षरं गुळगुळीत निघाली. फ काही जमेना. पहिला फ टेकू न लावताच काढला होता, त्याच्या कडा सगळ्या खडबडीत आल्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. तो मी बाजेखाली फेकला आणि दुसरा काढला. सातही पत्रे वंदनाला दिले. म्हणलं, "बघ, कुठं ब्रश हाललाय का." ती म्हणाली, "न्हाई, आबा." पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

घटस्थापनेच्या सकाळी तिच्या गाळ्यात साती बाया नव्या लुगड्यांत जमल्या. वंदनानं मोठा पडदा आणला होता. बटन दाबलं. रा आला, न आला, ची आली. एकेक अक्षर आपापल्या रंगात, वरची रेघ अखंड. बाया आपापलं अक्षर आलं की टाळ्या वाजवायच्या. मग फ आला. बाजेखालचा फ.

सहा साफ अक्षरांच्या मधे माझी थरथर गावभर दिसेल अशी उभी होती. हवं तर कर्नाटकातून दिसेल अशी.

"हे माझं अक्षर न्हाई," मी ओरडलो.

"मग कुणाचं हाय, आबा?"

"हे माझ्या हाताचं हाय. माझं न्हाई! बाजेखालून चोरलंस तू. पुस ते! पुसता येतंय ना तुला? मग पुस!"

वंदना पहिल्यांदाच बोट न हलवता उभी होती. "येतंय," ती म्हणाली. "पर हे पुसायचं न्हाई मला."

मी निघून आलो. बायांना कळायचं ते कळलं. म्हणजे गावाला कळलं.

सहा दिवस मी पत्र्यावरच्या टकटकीला जबाब दिला नाही. ती रोज वाजवायची, दोनदा, मग थोडा वेळ थांबून जायची. कप माझ्या दारात ठेवायची. मी चहा प्यायचो आणि कप न धुता परत तिच्या दारात ठेवायचो. राग म्हणजे राग.

सातव्या दिवशी गयाबाई आली. तिनं माझ्यासमोर एक पिकलेलं सीताफळ ठेवलं आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे वेशीपर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "पेंटरभाऊ, गुळगुळीत सीताफळ बघितलंय का तुमी कधी?"

"हळू बोल, गयाबाई."

"हळू कावून? ह्याच्या अंगाला हात लावा. हे डोळे बघा. माझा फ बघून हैदराबादच्या एका बाईनं फोन केला, म्हणली अक्षरालाच सीताफळाची साल हाय. बाकीच्या सहाजणी माझ्यावर जळत्यात. म्हणत्यात, गयाबाईला फळ दिलं आन आमाला नुसतं अक्षर दिलं."

ती फळ तिथंच ठेवून गेली. मी ते हातात घेतलं. हात थरथरत होता आणि फळाचे उंचवटे बोटाखालून सरकत होते. लई वेळ मी ते तसंच फिरवत बसलो. मग फोडून खाल्लं, बिया मोजून टाकल्या नाहीत, वाट्टेल तिकडं थुंकल्या, आणि उठून वंदनाच्या गाळ्यात गेलो.

"ती सहा अक्षरं काढून टाक," मी म्हणलं.

"कावून, आबा?"

"खोटी हायत ती. टेकू लावून काढल्याली."

ती खुर्चीतून उठली. डोळे पुसले का हसली ते मला दिसलं नाही, चष्मा नव्हता. पत्रे घेऊन बाहेर आली. मी शेडचं दार सताड उघडलं, पेटी रस्त्यावर मांडली, काठी शेजारच्याच्या गोठ्यात फेकली. फडकं वंदनाला दिलं, म्हणलं, "हे घे, तुझा कंप्युटर पुसायला." आणि भर बाजाराच्या दिवशी, माणसं येता-जाता बघत असताना, सहा अक्षरं परत काढली. हात हलू दिला. कडा खडबडीत आल्या. बाया मागं उभ्या राहून सांगत होत्या, "माझ्या ता ला अजून डोळे काढा, भाऊ!" ळ काढला आणि ठिपका बाकी ठेवला. मालक सात, ठिपका एक. आता कुणी द्यायचा म्हणून परत भांडण सुरू होणार, तेवढ्यात वंदना म्हणाली, "थांबा. मालक गिऱ्हाईक."

तिनं पडद्यावर काय केलं ते आजही बघता येतं. नाव सगळं येतं, पण ळ वर ठिपका नाही. ठिपका बाजूला एका तुटक्या गोलावर एकटा बसलेला असतो, मशीननं त्या दिवशी चुकून बसवला होता तसाच. बघणाऱ्यानं त्याला बोट लावलं की तो टुणकन उडतो आणि ळ च्या डोक्यावर जाऊन बसतो. तवा पुढचं दार उघडतं. ज्यानं सीताफळ घ्यायचं त्यानं आधी पाटी पुरी करायची. माझे उस्ताद असते तर त्यांना हैदराबादच्या त्या बाईला शिडीवर चढवल्याचं सुख मिळालं असतं.

वंदना म्हणाली, "आबा, पयला ठिपका तुमी लावा."

"मी मालक न्हाई."

गयाबाई म्हणाली, "मग गिऱ्हाईक व्हा! एक पेटी घ्या. फुकटचं एक खाल्लंय की!"

झालो गिऱ्हाईक. थरथरत्या बोटानं ठिपका लावला. पहिल्यांदा बोट बाजूलाच पडलं. वंदना म्हणाली, "परत लावा. भ्यायचं कावून?" ह्या वेळी ते वाक्य झोंबलं नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रॉल्या निघाल्या तेव्हा साती बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून जाणाऱ्यांना हात करत होत्या. मलाही दोन गाड्यांचं काम आलं. लोक म्हणायला लागले, सीताफळवालं अक्षर काढून द्या. आता ते माझंच अक्षर झालंय, फ्लेक्सवाल्याला ते येत नाही.

गेल्या वर्षी वंदना अंबाजोगाईला गेली. तिथं कॉलेजच्या रस्त्याला मोठी जागा घेतली, हाताखाली दोघी कामाला आहेत. सामान नेलं त्या दिवशी तिनं पत्र्यावर दोनदा वाजवलं आणि विचारलं, "आबा, झाले का मी लायक?"

"न्हाई," मी म्हणलं. "पर पाटी देतो."

पाटी घेऊन मी एसटीनं गेलो. कंडक्टरनं ती टपावर टाक म्हणलं, मी मांडीवर धरली. नाव फक्त 'वंदना'. तीन अक्षरं, तीन रंग, कडा माझ्या हाताच्या, वर एक अखंड रेघ. व वरचा ठिपका तेवढा बाकी. दुकानावर ठोकली आणि तिला म्हणलं, चढ.

शिडीवर तिनं ब्रश हातात घेतला. आयुष्यभर हवेत लिहिणारी ही पोरगी, खऱ्या रंगात बुडवलेला ब्रश पहिल्यांदाच धरत होती. तिचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. मी खालून म्हणलं, "भ्यायचं कावून?" ती हसली, आणि हसता हसता ठिपका पडला. व वर पडायचा तो व आणि द च्या मधे, वरतीच लटकला, आणि त्यातून एक थेंब शिरोरेघेपर्यंत ओघळला.

"अय्या! आबा, फडकं द्या, फडकं!"

"माझ्या पेटीत फडकं नसतं. नेकनूरमधे इचार कुणालाबी."

ती शिडीवरून उतरली, माझी पेटी उघडली, ब्रश बाजूला केले आणि तळापर्यंत बघितलं. खरंच नव्हतं. मग तिथंच पायरीवर बसली, मांडी घालून, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघतील इतकी हसली.

आता कधी दवाखान्याला नाहीतर असाच त्या रस्त्यानं गेलो, की मी बसमध्ये त्या बाजूची खिडकी धरतो. पाटी लांबून वाचता येते. ठिपका अजून जागेवर नाही.